एका काडीचा हिवाळा

बॉथवेल
२४ मार्च

प्रिय व्हर्ना,

तू खुशाल असशील. मी बरी आहे. डावा गुडघा पायऱ्या चढताना कुरकुरतो, पण घरात दुसरं कुणी बोलणारं नसल्यामुळे मी त्याला गप्प करत नाही. मागच्या झाडाला क्विन्सची फळं इतकी लागली आहेत की दोनदा जेली करून झाली, तरी टोपली भरलेलीच. परवा सकाळी गवतावर पांढरं पडलं होतं. आपला हिवाळा जूनचा, मार्च अजून संपायचा आहे आणि थंडी फाटकाशी येऊन उभी आहे.

पत्रास कारण असं की, शेगडीची मूठ सापडत नाही.

तुला माहीत आहे ती. काचेचं दार उघडायची सुटी मूठ, गुंडाळलेल्या तारेची. तिच्याशिवाय दार उघडत नाही. मी पकडीने प्रयत्न केला, दार जागच्या जागी राहिलं आणि माझं नख तुटलं. ती शेवटची तुझ्या हातात होती. मी काही म्हणत नाहीये, नुसतं विचारते आहे.

फोन करता आला असता. पण तू फोनवर ‘हॅलो’ म्हणशील आणि मग आपण दोघी एकमेकींचा श्वास ऐकत बसू. पत्रात निदान माझं वाक्य पुरं होतं.

रेक्स गेला त्या वर्षीचा उरलेला हिवाळा आणि गेला अख्खा हिवाळा मी शेगडी पेटवली नाही. पायाशी प्लगचा छोटा हीटर, अंगाखाली विजेची चादर, दोन जोड मोजे, आणि पुस्तकं. चौदाव्या वर्षी शाळा सुटलेल्या बाईने रशियाचा सबंध इतिहास पलंगावर पडून वाचला. त्यांच्या थंडीबद्दल मला आता कुणी काही सांगू नये. वाचनालयातली ग्लेनिस म्हणाली, “नोला, इतिहासाचं कपाट संपलं. आता काय देऊ?” मी म्हटलं, “घर गरम ठेवण्यावर काही आहे का?” तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पुस्तक काढून दिलं. लाकडाच्या शेगडीची हिवाळ्यापूर्वीची तयारी, चित्रांसह. मी ते दोनदा वाचलं. बाईने लिहिलं आहे, म्हणून समजतं.

तर या वर्षी पेटवायचं ठरवलं आहे. का, ते पुढे कधीतरी.

त्या दिवसाबद्दल मी काही लिहीत नाही. तूही लिहू नकोस. मूठ कुठे ठेवलीस तेवढं कळव.

नोला ट्रिफिट


बॉथवेल
३ एप्रिल

प्रिय व्हर्ना,

तुझं कार्ड मिळालं. पुढे तुमच्या पेंग्विन गावाचा समुद्र, मागे पाच शब्द. “मोठ्या किटलीत. हरवू नये म्हणून.” मी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं, कुठे ‘प्रिय’ वगैरे सांडलंय का. नव्हतं. ठीक आहे, माझंही पत्र काही मधात बुडवलेलं नव्हतं.

लोकर कातरायला येणाऱ्यांसाठी ठेवलेली ती बारा कपांची किटली! मूठ खरंच तिच्यात होती, कापडात गुंडाळून. म्हणजे वीस महिन्यांत मी त्या किटलीचं झाकणसुद्धा उचललं नाही. एकटीला छोटी पुरते. हे मला मूठ हातात आल्यावर कळलं आणि मी जरा वेळ ओट्याशी उभी राहिले. मग म्हटलं पुरे, कामाला लाग.

आणि लागले! आठवडाभर माझी बोटं काळी आहेत आणि इतकी मजा मला कितीक दिवसांत आली नव्हती. पुस्तकात कागदाची परीक्षा दिली आहे. वर्तमानपत्राची पट्टी दारात धरायची, दार लावायचं आणि पट्टी ओढायची. फाटली तर दार घट्ट. अलगद निघून आली तर दाराभोवतीची जाड दोरी मेली म्हणून समज, तिथून नको ती हवा आत शिरते आणि लाकूड भसाभसा जळतं. वरच्या बाजूला घट्ट, खाली घट्ट, बिजागरीकडे घट्ट. कडीच्या बाजूला मात्र पट्टी अशी गुपचूप निसटली, जसा तुझा भाऊ रेक्स शेवटचं भजन संपायच्या आत चर्चमधून निसटायचा. जुनी दोरी खरवडून काढली, नवी चिकटवली. आतल्या चार विटांतली एक मधोमध तडकली होती, तीही बदलली. काच राखेने आणि ओल्या कागदाने घासली.

घासताना तुझी आठवण झाली. असो.

मागच्या दाराच्या फटीतून येणारा वारा अडवायला नवा कापडी साप शिवला. जुन्यातली वाळू सगळीकडे सांडत होती. रेक्सची ती तपकिरी कॉर्डरॉयची पँट होती ना, गुडघ्यावर ठिगळ लावलेली? तिचा एक पाय कापला, वाळू भरली, दोन्ही टोकं शिवली. आता रेक्सचा पाय दाराशी आडवा पडलेला असतो आणि मी येता-जाता त्याला अडखळते. तो होता तेव्हाही रविवारी दुपारी हेच चालायचं.

लाकडांचं सांगते. लाकडांसाठीच्या छपराखाली तीन ढीग आहेत, तुला आठवत असतील. प्रत्येकाच्या डोक्यावरच्या पत्र्यावर रेक्सने खडूने साल घातलेलं आहे. तो नेहमी दोन हिवाळे पुढे असायचा. म्हणायचा, ओलं लाकूड जाळणं म्हणजे पाणी उकळत बसणं, लाकडाला दोन उन्हाळे द्यावेत. पहिल्या दोन ढिगांना मी हात लावलेला नाही. तिसऱ्यातले दोन ओंडके काढले आणि एकमेकांवर आपटले. ओलं असेल तर धप्प वाजतं. हे टण्ण वाजलं, व्हर्ना, घंटेसारखं. मी पुन्हा आपटले. मग शेजारची मेंढी बघायला लागली म्हणून थांबले.

त्या तिसऱ्या ढिगावर साल या वर्षीचं आहे.

म्हणजे तो गेला त्या सकाळी, कुऱ्हाड ओंडक्यात तशीच राहिली त्या सकाळी, तो या हिवाळ्याची लाकडं फोडत होता. मी खडूची ती अक्षरं गेल्या महिन्यात नीट वाचली आणि तेव्हाच ठरवलं. हे ते कारण, मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं ते. त्याने फोडली, त्यांनी दोन उन्हाळे घेतले, आता ती वाळली आहेत. न जाळून मी ती कुणासाठी ठेवू?

पेटवणार अर्थातच पंचवीस एप्रिलला, ॲन्झॅकच्या दिवशी. एक दिवस आधी नाही. हा नियम तुला सांगायला नको, तुमच्या आईनेच तो तुम्हा भावंडांच्या हाडात घातला. नळ गोठला तरी चालेल, पण युद्धात पडलेल्यांच्या सलामीचा दिवस आल्याशिवाय काडी ओढायची नाही. आणि रेक्सची त्यावर स्वतःची भर: एका हिवाळ्याला एकच काडी. एप्रिलात पेटवलेली ऑक्टोबरच्या जत्रेपर्यंत विझू द्यायची नाही. रात्री मोठा ओंडका घालून, हवेची दांडी पार आत ढकलून तिला ‘झोपवायची’ आणि सकाळी निखारे उकरून ‘उठवायची’. सगळं गाव त्याला त्याबद्दल मानायचं. वापरलेली काडी तो तंबाखूच्या डबीत टाकायचा. डबी अजून शेगडीवरच्या फळीवर आहे. मी मोजल्या. अडतीस.

मंगळवारी ओवेन धुराडं झाडायला येतो आहे. पुस्तक म्हणतं, त्याशिवाय काडी ओढूच नये.

तुला हे सगळं कशाला लिहिते आहे कोण जाणे. मूठ सापडली एवढंच कळवायचं होतं.

नोला


बॉथवेल
१४ एप्रिल

प्रिय व्हर्ना,

तुझं दुसरं कार्ड आलं. या खेपेस समुद्राऐवजी पेंग्विन पक्षी, आणि मागे एक प्रश्न. “त्याने धुराडं आयुष्यात कधी झाडलं होतं का?”

नाही. उत्तर नाही असं आहे. आणि तू तो प्रश्न वीस महिने पोटात ठेवला होतास हे आज मला समजलं. आता मी जे लिहिणार आहे ते मधे थांबवू नकोस. मीही थांबणार नाही.

ओवेन मंगळवारी आला. शिडी लावली, छपरावर चढला, टोपण काढलं आणि वरून ओरडला, “नोला, इथे बिऱ्हाड आहे!” साळुंक्यांनी घरटं केलं होतं, मेंढीच्या लोकरीची गादी घालून. मी खालून म्हटलं, “भाडं देत नाहीत. काढ.” घरटं निघालं आणि मग त्याने ब्रश खाली सारला. तो जाईना. वरून शिव्या ऐकू आल्या. मग साखळी घातली, मग काहीतरी लोखंडी. अर्ध्या तासाने तो खाली आला. हातातल्या बादलीत काजळी नव्हती. काळे, चकचकीत तुकडे होते, काचेसारखे. डांबर, धुराचं गोठलेलं.

त्याने चहा नको म्हटला. ओवेनने! बादली माझ्यासमोर ठेवली आणि विचारलं, “ही शेगडी शेवटची विझवली कुणी?”

मी म्हटलं, “का?”

“त्याला माझ्याकडून एक बिअर पाज.”

“बाई आहे ती.”

“मग दोन पाज.” आणि मग तो हसला नाही. म्हणाला, “नोला, नळीच्या तोंडाशी मूठभर वाट उरली होती. आणखी महिनाभर तिला तशी धुमसत ठेवली असतीस, तर हे आतलं डांबर पेटलं असतं. त्यानंतर छप्पर. त्यानंतर तू.”

मी म्हटलं, “पण रेक्स तर अडतीस वर्षं—”

“रेक्स नशीबवान होता. दर हिवाळ्याला थोडं थोडं साचत गेलं. हवेची दांडी आत ढकलून झोपवायची, ही अख्ख्या गावाची खोड आहे. माझा बापही तेच करायचा, आणि मीच धुराडी झाडत हिंडतो. विस्तवाला श्वास द्यावा लागतो. भडकून जळला की धूर धुराड्यात बसत नाही, आणि लाकूडही कमी लागतं. रात्री विझू दे. सकाळी परत पेटव. काड्या काय महाग झाल्यात?”

व्हर्ना, हेच मी त्याला बारा वर्षांपूर्वी सांगितलं होतं! जेवणाच्या टेबलावर मासिकातून वाचून दाखवलं होतं. तुझा भाऊ बटाटा चघळत म्हणाला, “ज्याने लिहिलंय त्याला थंडी वाजते का?” संपला विषय. एकेचाळीस वर्षांच्या संसारात एक भांडण मी शंभर टक्के जिंकले, आणि जिंकले तेव्हा समोर कुणी नाही. ओवेन गेल्यावर मी खुंटीवरच्या त्याच्या टोपीला सांगितलं. मोठ्याने. “ऐकलंस का, मी बरोबर होते.” टोपी गप्प. तोही चूक कळली की गप्पच बसायचा, म्हणून मी ती कबुली धरली आणि हसत सुटले. इतकं हसले की पाणी आलं. ते पाणी कशाचं होतं ते मी तपासलं नाही.

आता तो दिवस.

अंत्यविधीला सगळे आले, गेले, तू राहिलीस. त्याची एका काडीची शेगडी चालू होती. ती मी आठ दिवस विझू दिली नव्हती. झोपायला जायचे नाही, खुर्चीत बसायचे, ओंडका घालायचे. का, ते मी तुला सांगितलं नव्हतं. मला वाटलं, कुणालाही दिसेल. नवव्या दिवशी मी कागदांवर सह्या करायला गेले. तू घरात धूर कोंडलेला पाहिलास, काळी काच पाहिलीस, आणि माझ्यासाठी काहीतरी करावं म्हणून निखारे काढलेस, राख ऱ्हुबार्बच्या वाफ्यात टाकलीस, काच आरशासारखी केलीस. मी आले तेव्हा तू गुडघ्यांवर बसली होतीस, नाकावर काजळी. म्हणालीस, “बघ, चेहरा दिसतो.”

मला विझलेली शेगडी दिसली. आणि मी जे बोलले ते मी तेव्हापासून रोज ऐकते आहे. “तुझ्या हातात काही टिकत नाही, व्हर्ना. नवरा नाही, घर नाही, आणि आता माझा विस्तवही नाही.”

मूठ तू कापडात गुंडाळून किटलीत ठेवलीस, माझ्याकडून हरवू नये म्हणून. एवढं ऐकल्यावरसुद्धा. आणि सकाळच्या बसने गेलीस. मी फाटकापर्यंतही आले नाही.

तुझा नवरा निघून गेला तेव्हा तू या घरी चार महिने होतीस आणि मी तुझ्याजवळ बसले होते. मला माहीत होतं कुठे लागेल, म्हणून तिथेच मारलं.

तू शेगडी विझवलीस म्हणून हे घर उभं आहे. पण मी त्यासाठी क्षमा मागत नाही, ते नीट समजून घे. धुराडं लख्ख निघालं असतं, ओवेनने तुला नावं ठेवली असती, तरीही ते बोलणं वाईटच होतं. मी चुकले. मला ते आवडलं नाही, पण मी चुकले.

पंचवीसला शेगडी पेटवायची आहे. लाकडं रेक्सची आहेत, तुझ्या भावाची. तू ये. मी पाकिटात एक काडी घालणार होते, पण टपालखात्यातल्या बाईला विचारलं तर तिने हातावर चापटी मारून थांबवलं. “नोला, आगीच्या वस्तू टपालाने जात नाहीत. विमान पेटवायचंय?” म्हणून काडी इथेच आहे. मेल्टन मोब्रेच्या फाट्यावर बस थांबते. कोणत्या दिवशी ते कळव, मी गाडी घेऊन उभी असेन. नाही आलीस तर मी समजेन. पण शेगडी तशीच रचून ठेवेन. मी एकटी ती पेटवणार नाही.

तुझी वहिनी, अजून असले तर,
नोला


स्वयंपाकघर
२५ एप्रिल, पहाट

व्हर्ने,

ही चिठ्ठी किटलीला टेकवून ठेवते, म्हणजे तुला दिसेल. तू झोपली आहेस. भिंतीपलीकडून घोरणं ऐकू येतं. रेक्सच म्हणायचा, आमच्या घरात सगळे घोरतात, पण कबूल एकही करत नाही.

मी युद्धस्मारकापाशी जाते आहे, आणि मग सभागृहात नाश्त्याला. यंदा अंडी माझ्याकडे आहेत, साठ. आठपर्यंत येते.

काल फाट्यावर तू बसमधून उतरलीस, डोक्यावर ती भयंकर लाल टोपी, मांडीवर सांभाळत आणलेली, शिंपल्यांचं सारण भरून भाजलेली पाई. माझ्याकडे बघून म्हणालीस, “म्हातारी झालीस.” मी म्हटलं, “तूही.” तू म्हणालीस, “मी आधीपासूनच होते, तुझं लक्ष नव्हतं.” आणि पाई माझ्या हातात दिलीस. गाडीत बसेपर्यंत दोघींपैकी कुणी दुसरं काही बोललं नाही, पण तू माझी बाही धरून ठेवली होतीस. पत्राबद्दल तू एवढंच म्हणालीस, “अक्षर सुधारलंय तुझं.” ते मी पुरेसं धरते.

आणि काल संध्याकाळचं काय सांगावं! रचलेल्या शेगडीसमोर आपण दोन शहाण्या बाया ओव्हरकोट घालून बसलो, गुडघ्यांवर घोंगड्या, तोंडातून वाफ, हातात तुझी गरम पाई. शेगडी पेटवायला अर्धं मिनिट लागलं असतं. चोवीस तारखेला पेटवली असती तर बघणारं कोण होतं? मी तुझ्याकडे बघितलं, तू काडीपेटीकडे बघितलंस, आणि दोघी एकदमच म्हणालो, “उद्या.” तुमची आई मरून तीस वर्षं झाली, तरी तिची भीती गेली नाही. इतकं हसले की पोट अजून दुखतंय.

आता आज आहे. आता चालतं.

माझ्यासाठी थांबू नकोस. मी त्यावर विचार केला आहे. ती तूच पेटवावीस असं मला वाटतं. मोठे ओंडके खाली, काटक्या वर, वरूनच पेटव. पुस्तकात तसं आहे आणि ओवेनही हो म्हणाला. हवेची दांडी पूर्ण बाहेर ओढून ठेवली आहे, तिला हात लावू नकोस. मूठ खिळ्याला टांगली आहे.

काडीपेटी फळीवर आहे, डबीशेजारी. एका काडीत नाही लागली तर दुसरी ओढ. तिसरी ओढ. पेटी भरलेली आहे आणि आता मोजणारं कुणी नाही. आज रात्री विझली तर विझू दे. उद्या परत पेटवू. रोज पेटवू.

स्मारकापासून विलोच्या झाडांवरून आपलं धुराडं दिसतं. बिगूल वाजेल तेव्हा सगळे झेंड्याकडे बघतील आणि मी आपल्या छपराकडे. नीट पेटली तर धूर दिसत नाही म्हणे, धुराड्यावरची हवा तेवढी थरथरते. अडतीस वर्षं मी तिथून धूर पाहून म्हणायचे, घरी सगळं ठीक आहे. आज काहीच दिसलं नाही म्हणजे ठीक.

चहा मोठ्या किटलीत टाक.

तुझी,
नोला